जाणवत नाही म्हणजे विश्वास कमी, असं नाही

लांबलेल्या आजारपणात देव जवळ असल्याचं जाणवत नाही, म्हणजे विश्वास कमी पडतोय का, असा प्रश्न पडतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं (देवाला उद्देशून गायलेल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं) स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

रोजच्या प्रार्थनेसाठी मी स्तोत्र 13 सुचवेन. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. गडबड होते ती इथे: आपण थेट पाचव्या वचनावर उडी मारतो, आणि न मांडलेली तक्रार आतल्या आत कुढत राहते. पहिल्या दोन वचनांत स्वतःचं दुखणं नाव घेऊन सांगा: रिपोर्ट, कर्जाचा हप्ता, जे असेल ते. कधी कधी आठवडाभर तिथेच थांबावं लागतं. थांबा.

स्तोत्र 23 पाठ असेल, तर एक गोष्ट तपासा. हिरव्या कुरणांपाशी मेंढपाळ, म्हणजे देव, ‘तो’ आहे. चौथ्या वचनात काळोखी दरी येते आणि तिथेच तो ‘तू’ होतो. दरी मात्र टळत नाही.

आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्यांनी रोम 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे बायबलचं वचन) लगेच ऐकवू नये. वचन खरंच आहे, पण वेळ चुकते. बायबलमधल्या, दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस-रात्र गप्प बसले तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. चहा करून द्या, औषधं आणून द्या, अर्धा तास शेजारी बसा.