मेडिकल आधी उरकून घ्या

तुमच्या मिसेसचा अमेरिकेच्या सीआर-१ चा, म्हणजे नवऱ्याकडे कायमचं राहायला जायच्या व्हिसाचा, इंटरव्ह्यू मुंबईला आहे आणि मेडिकल (व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी) आदल्या आठवड्यात केलं तरी चालेल असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, पण माझं स्पष्ट मत आहे की इतकं ताणू नका. छातीच्या एक्स-रेमधे जुना डाग दिसला तरी टीबीसाठी तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि त्याच्या कल्चरला (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघायला) सहा ते आठ आठवडे लागू शकतात, तोवर व्हिसा अडकतो. लहानपणी टीबीची ट्रीटमेंट झाली असेल तर त्याचे कागद आणि जुने एक्स-रे नक्की न्या. फार लवकरही नको, कारण व्हिसाची मुदत मेडिकलवर ठरते आणि ती साधारण सहाच महिने असते.

लसींचं जुनं कार्ड शोधा, सापडलं तर उगाच परत टोचून घ्यावं लागत नाही. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांची लस तेव्हा देत नाहीत आणि एक्स-रेचंही बघावं लागतं, यात संकोच नको हो.

बाकी पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला), लग्नाचा दाखला वगैरे ओरिजिनल न्या. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. इंटरव्ह्यूत बहुतेक वेळा साधेच प्रश्न असतात, कसे भेटलात, नवरा काय करतो, लग्नाला कोण होतं, तर वहिनींना म्हणावं पाठांतर करू नका, जे खरं आहे ते सरळ सांगा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा अजिबात देऊ नका.