स्मार्ट इंडिया हॅकेथॉन: मेंटॉरचं किती ऐकायचं?

मेक_तिसरं_वर्ष: स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या तंत्रज्ञान स्पर्धेच्या, हार्डवेअर फायनलला आमची निवड झालीय. कांदाचाळीत सडका कांदा वासावरून पकडणारं यंत्र. सर म्हणतात, मेंटॉर (स्पर्धेतला मार्गदर्शक) सांगेल ते निमूट बदला. खरंच?

निफाडकर: अभिनंदन! सगळं कशाला बदलताय? सॉफ्टवेअरवाल्यांना सलग 36 तास असतात, तुम्हाला काही दिवस मिळतात. तरी ऐनवेळी सेन्सर बदललात तर मेलात. मेंटॉरचं ऐका, पण करणार नसाल तर कारण तयार ठेवा. आमच्या वेळी परीक्षकांनी पहिल्यांदा तेच विचारलं होतं, "आधी सुचवलेल्याचं काय केलंत?" बरं, सेन्सर कुठला? एमक्यू-135 हा गॅस सेन्सर असेल तर तो तापायला वेळ घेतो आणि दमट हवेत त्याचे आकडे भरकटतात. पावसाळ्यात चाळ म्हणजे नुसता दमटपणा. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावून आकडे दुरुस्त करा. आणि डेमोला खरा सडका कांदा न्या, डबा घट्ट झाकणाचा घ्या!

मेक_तिसरं_वर्ष: एमक्यू-135च आहे 😬 आज रात्रीच बसतो.

कोडवाली: टीमच्या सहाजणांत किमान एक मुलगी हवी, हा नियम आहे. तिला नुसती पीपीटी वाचायला उभी करू नका. सर्किट तिने जोडलं असेल तर उत्तरंही तीच देईल.