पायात रॉड आहे, सीआरपी नॉर्मल आलाय, तरी हाडात इन्फेक्शन असू शकतं का?

उचगावकर:
नमस्कार मंडळी, थोरल्या भावाचा हायवेला गाडी घसरून अपघात झाला, नडगीचं हाड मोडून कातडीतनं बाहेर आलेलं, ऑपरेशन करून रॉड घातला. जखम भरली पण अजून पाय टेकला की ठणकतंय, नडगीला हात लावला की गरम लागतंय आणि एक्स-रेत हाड जुळंना झालंय. रक्त तपासलं, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ७, पांढऱ्या पेशी नॉर्मल, ईएसआर (रक्तपेशी किती वेगानं खाली बसतात ते बघणारी, सूज दाखवणारीच तपासणी) मात्र वाढलेला, ४८. एक डॉक्टर म्हणतात रक्त ठीक आहे, थांबू. दुसरे म्हणतात आत इन्फेक्शन असणार, उघडून बघूया. तालमीतला गडी काठी घेऊन घरात बसलाय, आईचं जेवणात लक्ष नाही. कुणाचं ऐकावं सुचंना. रक्तातनं सरळ कळत नाही का?

राजारामपुरी_लॅब:
दादा, मी रोज हेच रिपोर्ट काढतो म्हणून सांगतो. सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो, शरीरात कुठंही सूज आली की वाढतो, त्याला हाड कळत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मा या वेगानं उतरतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचा जाग्यावर येतो. ईएसआर मात्र लई हळू उतरतो, काही महिनेसुद्धा घेतो, आणि रक्त कमी असेल तरी वाढलेला दिसतो, हिमोग्लोबिन किती आहे बघा. ऑपरेशनपासूनचे सगळे रिपोर्ट तारखेनं एका कागदावर लिहून काढा. उतरलेला आकडा परत चढला असेल तर तो संशय घेण्यासारखा. आणि युनिट बघा, कुठली लॅब मिलिग्रॅम पर लिटर लिहिते कुठली पर डेसिलिटर, दहापट फरक पडतो.

हाडांचा_रेसिडेंट:
वरचं बरोबर आहे. २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून फ्रॅक्चरनंतरच्या इन्फेक्शनची व्याख्या ठरवली, त्यात सीआरपी, ईएसआर, पांढऱ्या पेशी हे तिन्ही फक्त "संशय" या गटात आहेत. पक्कं कधी म्हणायचं, तर हाडापर्यंत किंवा रॉडपर्यंत जाणारं भोक पडलं, पू आला, किंवा आतल्या किमान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तोच जंतू सापडला तर. नमुना मायक्रोस्कोपखाली बघूनही ठरतं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे मंद जंतू रॉडवर थर करून चिकटून बसतात, ताप नाही, सीआरपी शांत, नुसतं हाड जुळत नाही. त्यामुळं सीआरपी ७ आलाय म्हणून इन्फेक्शन नाही असं मी म्हणणार नाही, आणि ईएसआर ४८ आहे म्हणून आहेच असंही नाही. पण उघडं फ्रॅक्चर होतं, पाय गरम, हाड जुळत नाही, एवढ्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. त्यांना विचारा, आतले पाच तरी नमुने वेगवेगळ्या हत्यारांनी घेणार का, आणि लॅब कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू उगवून बघायची तपासणी, १४ दिवस ठेवणार का. जखमेवरनं कापसाच्या काडीनं घेतलेल्या वरवरच्या स्वॅबवर भरवसा ठेवू नका.

कागलची_सून:
आमच्या मालकांना हेच झालेलं, गावात नुसते ॲंटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले, कुणी नमुना घेतलाच नाही आणि शेवटी उघडलं तेव्हा पू दिसतोय पण कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, मग औषध कुठलं द्यायचं यावरच सगळं अडलं. भाऊ, आधी नमुना, मग गोळी.

उचगावकर:
ताई, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गेल्या आठवड्यातच गोळ्या सुरू केल्यात. हिमोग्लोबिन ९.८ आहे. गोळ्या आजच बंद करू का?

हाडांचा_रेसिडेंट:
स्वतःहून नको. गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख घेऊन उद्याच सर्जनना भेटा. नमुन्याआधी शक्यतो दोन आठवडे ॲंटिबायोटिक थांबवतात, पण ते त्यांनी पाय बघून ठरवायचं. मध्येच थंडी-ताप आला, लाली पसरली किंवा जखमेतनं काही वाहायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी ॲडमिट करा. ९.८ ला ईएसआर थोडा वाढलेला असणारच, तेही त्यांच्या कानावर घाला.