सात चॅनेल, एक ट्रान्सफॉर्मर: खोक्यावरचे १०० वॉट खरे मानायचे का?

गिरगावकर:
हॉलसाठी ७.१ रिसीव्हर (सात स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर अशा होम थिएटरचा) घ्यायचा म्हणून दोन शनिवार मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, पालथा घातला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘प्रति चॅनेल १०० वॉट’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘दोन चॅनेल चालू असताना’. सातही चॅनेलला शंभर म्हणजे ७०० वॉट. यातल्या क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता कागदावरही ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही, म्हणजे सॉकेटमधून कमीत कमी नऊशेच्या आसपास वॉट ओढायला हवेत. मागच्या पट्टीवर मात्र ५५० वॉट! आत एकच ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा एकच ब्रिज रेक्टिफायर, वीज साठवणारे दोन मोठे कपॅसिटर, आणि सातही चॅनेलचं पाणी त्याच एका टाकीतून. माझ्या मते ही ग्राहकाची दिशाभूल आहे. आकडा सातही चॅनेल एकत्र चालवूनच छापायला हवा.

माटुंग्याचा श्रोता:
अजिबात पटलं नाही. एक तर मागच्या पट्टीवरचा आकडा बहुधा पूर्ण पॉवरच्या अष्टमांशावर मोजलेला असतो. ती कमाल मर्यादा नव्हे, त्यावरून ट्रान्सफॉर्मर जोखू नका. दुसरं, सिनेमात सातही चॅनेल एकाच वेळी सलग कमाल पातळीवर कधी वाजतात? संवाद सेंटरमधून, मागच्या स्पीकरमधून पाऊस नाहीतर गर्दीचा आवाज. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा) स्पीकर आठ फुटांवरून ऐकलात तर एका वॉटलाच ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये याहून मोठा लावला की शेजारचे काका बेल वाजवतात. ८० हर्ट्झखालचा सगळा भार सबवूफर उचलतो आणि त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. उरलेले क्षणिक झटके कपॅसिटर पेलतात. जे कधी वापरणारच नाही त्याचे पैसे का मोजायचे?

गिरगावकर:
पट्टीबद्दलची चूक मान्य, तो मुद्दा मागे घेतो. पण कपॅसिटरवर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ते दर १० मिलिसेकंदांनी भरतात. स्फोटाचा प्रसंग दोन-तीन सेकंद चालतो, तेवढा वेळ भार ट्रान्सफॉर्मरवरच येतो. तो लहान असला की रेल व्होल्टेज, म्हणजे सगळ्या चॅनेलना मिळणारं डीसी व्होल्टेज, खाली बसतं. मग समोरच्या स्पीकरने जोर लावला की त्याच क्षणी सेंटरही क्लिप होतो (आवाजाच्या लाटेची टोकं कापली जातात), नेमका संवाद फाटतो. त्यात माझे स्पीकर ४ ओहमचे, ८ ओहमच्या तुलनेत तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ४ ओहमची सेटिंग असते. ती लावली की रेलच कमी होते, यंत्र थंड राहतं, पण जोर जातो. हा उपाय झाला का?

सोल्डरवाला:
मी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून वेगळंच सांगतो. पॉवर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर जळालेला मला क्वचित दिसतो. येतात ते फुगलेले कपॅसिटर. लोक रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंबतात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवतात, त्यात मुंबईचा मे महिना. साधारण हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. वर सहा इंच मोकळे सोडा आणि शोकेसची मागची फळी काढा. मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) घ्याल तर सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट, आहे का तेही विचारा, नाहीतर चालू करताच घराचा एमसीबी (ब्रेकर) पडतो.

माटुंग्याचा श्रोता:
आणि वजनावरून पारख करू नका. एसएमपीएसवर (हलक्या स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालणारे क्लास डी प्रकारचे अ‍ॅम्प्लिफायर हलके असूनही दणकून पॉवर देतात, तापतातही कमी.

सोल्डरवाला:
देतात, पण एसएमपीएसचा बोर्ड गेला की पार्ट मिळेपर्यंत गिऱ्हाईक महिनोन्‌महिने थांबतं. ट्रान्सफॉर्मर मी इथेच वाइंड करून घेतो. दहा वर्षं वापरायचं असेल तर मी जुन्या पद्धतीचाच घेईन.

गिरगावकर:
मग ठरलं. प्री-आऊट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी सोय) असलेला मध्यम रिसीव्हर घेतो. समोरच्या तीन स्पीकरना स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेला वेगळा तीन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, बाकीचे चार रिसीव्हरवर. श्रोतेसाहेब, तुमच्या हिशोबाने हाही खर्च फुकट असेल, पण सेंटरमधला संवाद फाटलेला मला चालणार नाही.

माटुंग्याचा श्रोता:
४ ओहमचे स्पीकर आहेत हे आधी सांगितलं असतंत तर इतका वाद घातला नसता. तुमच्या बाबतीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बरोबर. ८ ओहमवाल्यांना मात्र मी अजूनही नकोच म्हणेन.