मदत हवी आहे: सव्वाचार वर्षांचा मुलगा खडू अजून मुठीत धरतो, घरी काय खेळ घेऊ?

कपबशी

नमस्कार. आधी शोधून पाहिलं, पण बहुतेक धागे 'कोणतं किट घेऊ' याच वळणावर गेलेले दिसले, म्हणून नवीन काढतेय.

मुलगा सव्वाचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. परवा पालकसभेनंतर बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "याची ग्रिप तयार नाही. बाकीच्यांचं पान होतं तोवर याच्या दोन ओळी होतात. घरून सराव करून घ्या." सोबत उभ्या-आडव्या रेघांची चाळीस पानी वही दिली. पहिल्या दिवशी दीड पान झालं. दुसऱ्या दिवशी वही पलंगाखाली सापडली. तिसऱ्या दिवशी "माझा हात दुखतो" म्हणून त्याने असं भोकाड पसरलं की मलाच रडू आलं.

खडू मुठीत धरतो, ताक घुसळायची रवी धरावी तसा. शर्टची बटणं लावता येत नाहीत, काढताना ओढून तोडतो. डब्याचं झाकण मित्राकडून उघडून घेतो. पळणं, चढणं, बडबड मात्र एकदम झकास. जेवण अजून मी किंवा सासूबाई भरवतो. सकाळी सात दहाची व्हॅन असते हो, त्याच्या वेगाने जेवला तर व्हॅन जाईल.

आम्ही दोघंही नोकरीला. संध्याकाळी साडेसातपर्यंत मुलं सासूबाईंकडे. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्या मागे पळणं होत नाही आणि मग मोबाईलवर कार्टून लागतं. धाकटी १४ महिन्यांची, दिसेल ते तोंडात. म्हणून मणी, बिया सगळं माळ्यावर. ऑनलाइन ८५० रुपयांचा चिमटे आणि रंगीत गोळ्यांचा संच मागवला होता, तो दोन दिवस टिकला. तीन गोळ्या अजून सापडायच्या आहेत.

हे काळजी करण्यासारखं आहे का? आणि रोज फार तर अर्धा तास मिळेल असं धरून घरातल्या घरात काय करता येईल?

रविवारचा_बाबा

वही शाळेला परत करा, सरळ. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी एक्स-रेमध्ये त्यातलं एकही दिसत नाही, सगळी कूर्चा असते. मग एकेक करून टणक होत जातात, शेवटचं दिसायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. आणि या हाताकडून चाळीस पानं मागायची? २०२० चं शैक्षणिक धोरण तीन ते आठ वयाला पायाभूत स्तर म्हणतं आणि खेळातून शिकवा म्हणतं. शाळांना ते फक्त माहितीपत्रकात छापायला आठवतं.

माझी लेक पाच वर्षांची होईपर्यंत मुठीतच धरायची. आता चौथीत आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं. आपोआप होतं सगळं.

ठाण्याची_ओटी

बाबांच्या रागाशी सहमत, 'आपोआप' या शब्दाशी नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं हातांना जमावीत म्हणून सराव करून घेणारी, लहान मुलांबरोबरच काम करते. धाग्यावरून निदान करणार नाही, पण ढोबळ चित्र सांगते. साधारण दीड वर्षाला मूठ. दोन-तीनला खडू बोटांत येतो, पण तळवा जमिनीकडे असतो. साडेतीन-चारला अंगठा आणि दोन बोटं, तेव्हाही हलतो तो अख्खा हात. नुसती बोटं हलवून लिहिणं साडेचार ते सहाच्या दरम्यान कधीतरी. म्हणजे चार पूर्ण झाल्यावर बहुतेक मुलं मूठ सोडतात. तुमचा मुलगा थोडा मागे आहे. नुसती मूठ असती तर मीही थांबा म्हटलं असतं. पण मूठ, बटण, झाकण आणि हात दुखणं एकत्र आलं की मला वाटतं, या हातांना कामच कमी मिळालंय.

वही बंद करा, यात वाद नाही. दमलेल्या हाताला आणखी रेघा काढायला लावणं म्हणजे पाय लचकलेल्याला जिना चढायला लावणं.

सुरुवात बोटांपासून करू नका, खांद्यापासून करा. तुम्ही त्याचे पाय धरायचे, त्याने हातांवर चालत स्वयंपाकघरापर्यंत जायचं. जमिनीवर पालथं पडून, कोपरांवर टेकून चित्रं. पाटी मांडीवर नको, भिंतीला उभी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्यावर काढताना मनगट आपोआप मागे झुकतं, लिहायला तेच हवं असतं. आणि खडूचे तुकडे करा, बोटाच्या पेराएवढे. तेवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. माझ्या व्यवसायातली सगळ्यात स्वस्त युक्ती आहे ही. नवीन लांब खडूची पेटी बघून पालक खूश होतात आणि मी ती मोडायला बसते.

चार गोष्टी कळवा. कोणता हात वापरतो? एका हाताने काम करताना दुसरा हात वस्तू धरतो का? डोळे तपासलेत का? आणि आधी जमत होतं असं काही हल्ली जमेनासं झालंय का? शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर धागा सोडा आणि उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

डाळिंबी_उसळ

अगं, ८५० रुपये? तेवढ्यात वर्षाचे वाल आले असते!

थट्टा नाही करत. वालाला मोड आणून कोमट पाण्यात टाक. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की डाळिंबी सुटकन उडते. माझा नातू चार वर्षांचा असताना आमची पैज असायची, कोणाची लांब उडते. अर्ध्या सोफ्याखाली जातात, त्या गेल्या असं समजायचं. पण बोटांना जो नेमका दाब लागतो ना, जास्त झाला की डाळिंबी फुटते, कमी झाला की निघत नाही, तो तुझ्या त्या चिमट्यांत कुठला?

सासूबाईंचे गुडघे दुखतात, हात नाही ना? मग त्यांना सांग, वाती वळायला बसवा त्याला. कापूस पिंजायचा, सरकी असली तर काढायची, फुलवातीचं टोक बोटाला जरा दूध लावून पिळायचं. आधीच्या पन्नास वाती चपट्या होतील, देवाला चालतात. गव्हले येत असतील तर उत्तमच. रव्याचं घट्ट पीठ दुधात मळून चिमटीत वळायचे. आमच्या लहानपणी लग्नघरी रुखवतासाठी बायका बसायच्या, आम्ही मुली कडेला लुडबुडायचो. तांदळाएवढे त्याला नाही जमणार. हरभऱ्याएवढे झाले तरी खीर तीच.

आणि भरवणं बंद कर बाई. वरणभात कालवून घास करणं हासुद्धा हाताचाच धडा. सकाळी नाही तर नाही, रात्री तरी.

ठाण्याची_ओटी

आजी, तुमचा वाल मी दवाखान्यात चोरणार आहे!

फक्त एक. १४ महिन्यांची घरात आहे, तेव्हा वाल, शेंगदाणे, हरभरे, मणी हे सगळं ती झोपलेली असताना, टेबलावर, आणि संपल्यावर मोजून उचलायचं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत शेंगदाणा जाणं ही डॉक्टरांना नेहमी भेटणारी गोष्ट आहे. त्या तीन हरवलेल्या गोळ्या आज रात्री पलंग सरकवून शोधा, प्लीज.

ती जागी असताना कणकेचा गोळा, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे, ओला स्पंज पिळून एका पातेल्यातलं पाणी दुसऱ्यात नेणं. चिमटा बोटांच्या टोकांनी दाबायचा, मुठीने नाही.

बालवाडी_डहाणू

मी वीस वर्षं बालवाडीत शिकवतेय. आमच्याकडे कोसबाडची परंपरा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीचं लाकडी साहित्य पाड्यावर परवडणारं नव्हतं, तेव्हा पानं, बिया, काड्या, शंख-शिंपले हेच साहित्य झालं. आजही मी तेच वापरते, आणि पैसे नाहीत म्हणून नव्हे. दोन पानं कधी सारखी नसतात, त्यामुळे बोटांना दरवेळी नव्याने अंदाज घ्यावा लागतो. प्लॅस्टिकचे पन्नास मणी म्हणजे एकच मणी पन्नास वेळा.

आमची मुलं पळसाची पानं काडीने टोचून जोडतात, पत्रावळीसारखी. शहरात पळस नसेल, पण बकुळ असतो. बकुळीच्या फुलाला मधोमध भोक असतंच, सुई लागत नाही, दोऱ्याला जरा पीळ दिला की झालं. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, वेचणं हाही व्यायामच.

बटणांचं सांगते. अंगातल्या शर्टवर शिकवू नका, त्याला स्वतःची हनुवटी आड येते. आजोबांचा जुना स्वेटर घ्या, मोठ्या बटणांचा, आणि मांडीवर पसरा. आधी काढणं, लावणं नंतर. लावताना तुम्ही बटण काजातून अर्धं बाहेर काढा आणि उरलेलं त्याला ओढू द्या. शेवट त्याच्या हातून झाला की 'मला आलं' असं त्याला वाटतं. मग हळूहळू आधीचा भागही त्याच्याकडे.

अक्षरांची घाई नको. आमच्याकडेही ग, म, भ, न पासूनच सुरू करतात, वळण सोपं म्हणून. पण त्याआधी ओल्या वाळूत बोटाने खूप गिरवून होतं.

म्युनिकवाली

इथे आमच्या मुलीच्या किटात (बालवाडीत) लिहायला कोणी शिकवत नाही, ते सहाव्या वर्षी शाळेत गेल्यावर. पण ब्रेडला लोणी लावायला सुरी देतात. पहिल्या दिवशी मी घाबरून फोटो नवऱ्याला पाठवला होता.

कपबशी

सगळ्यांचे आभार. गोळ्या सापडल्या, दोन पलंगाखाली आणि एक वॉशिंग मशीनच्या रबरात.

ओटी ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाने गोंधळ केला. मी पटकन 'उजवा' असं लिहिणार होते. मग दोन संध्याकाळी नुसतं बघत बसले. चेंडू डाव्याने फेकतो. दरवाजाची कडी डाव्याने. ब्रश डाव्या हातात घेतो आणि मी (मीच!) तो काढून उजव्यात देते, लक्षातही न येता. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हो, दीड वर्षाचा असल्यापासून डावा पुढे करतो, मी खडू काढून उजव्यात देते. सवय लागायला हवी ना." शाळेत विचारलं, तिथेही पेन्सिल उजव्यातच देतात.

बाकी उत्तरं: दुसरा हात वस्तू धरतो. डोळे तपासले, ठीक. सुटलेलं काही नाही.

ठाण्याची_ओटी

मग तो गेली पावणेतीन वर्षं परक्या हाताने रेघा काढतोय. हात दुखणारच.

हाताचा कल साधारण चार ते सहाच्या दरम्यान पक्का होतो, त्यामुळे आत्ताच शिक्का मारू नका. वस्तू त्याच्या समोर मधोमध ठेवा, कोणत्याही हातात देऊ नका, तो उचलेल त्या हाताने करू द्या. बाईंनाही एवढंच सांगा. डाव्याने काढू लागला तर कागद उजवीकडे झुकता ठेवा आणि खडू टोकापासून थोडा वर धरू द्या, म्हणजे काढलेलं त्याला दिसतं. नाहीतर देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते आणि हात मागून पुसत जातो.

तीन महिन्यांत फरक नाही वाटला तर तपासून घ्या. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथे मोफत बघतात.

डाळिंबी_उसळ

खडू सोड त्याच्या मनावर. पण जेवण उजव्यानेच हो. पंगतीत डाव्याने जेवलेलं मला नाही बघवत.

रविवारचा_बाबा

आजी, सचिन तेंडुलकर बॅट उजव्याने धरायचा आणि सही डाव्याने करतो. त्याला पंगतीतून उठवणार का?

डाळिंबी_उसळ

त्याला मी भरवीन.

कपबशी

महिन्याने लिहितेय. वही माळ्यावर, मणी खाली. पाटी बाल्कनीच्या भिंतीला, खडूचे तुकडे डबीत. डाव्या हाताने गेल्या आठवड्यात गोल काढला, आणि तो गोल बंद झाला! पकड अजून चार बोटांची आहे, पण मूठ सुटलीय. बटणं काढता येतात, लावणं नाही. रात्री स्वतः जेवतो, अर्धं ताटाबाहेर. कधी हा हात, कधी तो, सासूबाई तेव्हा दुसरीकडे बघतात. कार्टून अजून आहेच, वाती वळताना लावलेलं असतं. त्यावर ओरडू नका.

वाती वळताना त्या त्याला सांगत होत्या, मी आतून ऐकलं, "तुझा चुलतआजोबा पण असाच डावरा होता. मास्तरांनी पट्टीने मारून उजवा केला. मग तो लिहिताना अडखळायचा." हे मला सात वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आता नवीन अडचण. शाळेत कात्रीकाम सुरू झालंय आणि त्याच्याने कागद कापला न जाता दुमडतो. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते म्हणे. अप्पा बळवंत चौकात दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे "कात्री ती कात्रीच" असं उत्तर. पुण्यात कुठे मिळेल?

ठाण्याची_ओटी

कात्री ती कात्री नसते, डावखुऱ्यांच्या कात्रीची पाती उलटी बसवलेली असतात. साधी डाव्या हातात धरली की दाबताना पाती एकमेकांपासून दूर जातात आणि कागद मधे दुमडतो, त्याची चूक नाही. लहान मुलांच्या आकारातली, बोथट टोकाची ऑनलाइन मिळते, शोधताना 'डावखुरी' असं स्पष्ट लिहा. दोन्ही हातांची म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच साध्याच निघतात, ती घेऊ नका. मिळेपर्यंत जुनी वर्तमानपत्रं द्या, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून लांब पट्ट्या फाडू दे.

बालवाडी_डहाणू

आणि एक कात्री वर्गासाठी जास्तीची घ्या. तीस मुलांत आणखी दोघं-तिघं तरी निघतील.