शब्दचर्चा: झडती ‘भेटली’ की ‘मिळाली’?

दर्यापूर तालुक्यातून
मागच्या पोळ्याला मी कापसाच्या भावावर एक नवी झडती बांधली, मोबाइलवर आवाज भरला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दिली. कुठून कुठे गेली देव जाणे. दोनेक महिन्यांनी रत्नागिरीकडून एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील मूळचे मूर्तिजापूरकडचे, नोकरीसाठी कोकणात गेले आणि तिकडेच वारले. ते एक झडती म्हणायचे, ती बाईंना अर्धीच आठवत होती. पुढची तुम्हाला येते का, असं विचारलं. मला येत नव्हती, आमच्या मोठ्या बाबांना येत होती. कार्तिकात त्या स्वतः येऊन गेल्या.

हे पुण्याच्या भाच्याला सांगताना मी म्हणालो, “झडतीपायी मले एक ताई भेटली, अन् तिले तिच्या बापाची अर्धी झडती भेटली.” तो म्हणे, मामा, दुसऱ्या ठिकाणी ‘मिळाली’ पाहिजे. माणूस भेटतो, वस्तू मिळते. शाळेत मलाही हेच शिकवलं होतं, पण या वेळी पटेना. आणि अशा गाठीला नेमका शब्द कोणता? योगायोग कोरडा वाटतो. ऋणानुबंध म्हणावं तर आमच्याकडे ऋण म्हटलं की आधी सोसायटीचं कर्ज आठवतं.

कोल्हापूर
झडती म्हणजे पोलिसांची का? वाचून दचकलोच.

दर्यापूर
नाही हो! पोळ्याच्या दिवशी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, तेव्हा म्हणायच्या त्या झडत्या. एका बाजूनं एक म्हटली की दुसऱ्या बाजूनं उत्तर येतं. त्यात भाव, पाऊस, सरकार, पाटील, कुणाचीही टर. शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’. मग तोरण तुटतं आणि पोळा फुटतो.

पुणे
भाचा प्रमाण मराठीप्रमाणे बरोबर आहे. गाठीसाठी एक जुना शब्द सुचवतो: घुणाक्षरन्याय. लाकूड पोखरताना घुण्याच्या रेघांतून नकळत अक्षर उमटतं, तसं.

दर्यापूर
शब्द झकास आहे, पण घुण्याला अक्षर काढायचंच नव्हतं. मी तर झडती चार रात्री बसून जुळवली. अवचित काही घडलं असेल तर ते ती पोचण्यात.

नांदेड
मग ‘निमित्त’? झडतीचं निमित्त झालं.

दर्यापूर
असं आम्हीही म्हणतोच. पण ते झडतीला नाव झालं, भेटीला नाही.

अमरावती
मी भाच्याच्या विरुद्ध उभी राहते. ‘मिळणे’ मुळात संस्कृत ‘मिल्’पासूनचं, म्हणजे एकत्र येणंच. नदी समुद्राला मिळते, आपण मिळून जेवतो. वस्तूला मिळणे आणि माणसाला भेटणे ही वाटणी प्रमाण भाषेनं केली आहे. वऱ्हाडात ती कुणी फारशी मानली नाही. इथे साखर भेटते, बस भेटते, पगारही भेटतो. त्यावरून आपल्याला हसतात, चालायचंच.

पण वाटणी मानली तरी बघा. ‘मला वाचक मिळाले’ म्हटलं की आकडा आला. ‘मला एक वाचक भेटला’ म्हटलं की तोंड दिसलं, चहा ठेवावा लागला. तुमची झडती ऐकणारे शेकड्यांनी मिळाले असतील, भेटल्या त्या एकच.

शिवाय ‘भेट’ म्हणजे गाठ आणि ‘भेट’ म्हणजे नजराणाही. रिकाम्या हातानं भेटायला जायचं नाही, ही रीतच त्या शब्दात शिरून बसली आहे. त्या बाई अर्धी झडती घेऊन आल्या आणि पुरी घेऊन गेल्या. याला ‘भेट’ नाही म्हणायचं तर कशाला?

आणि शब्द शोधायला लांब कशाला जाता? आपल्याच जिल्ह्यातलं ऋद्धपूर. म्हाइंभटांनी १३व्या शतकात तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं, त्यात किती तरी लीळांचं नावच ‘अमक्या भेटि’ असं आहे. कोण कुणाला भेटलं, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहायचं.

यवतमाळ
‘गाठ पडली’ काय वाईट आहे? फक्त आमच्याकडे गाठ म्हटली की जिनिंगमधली १७० किलोची रुईची गाठ डोळ्यापुढे येते. ती अंगावर पडली तर भेट शेवटचीच!

पुणे
‘भेटली’ला माझी हरकत मागे. पण ‘झडतीपायी’? ‘पायी’ सहसा नुकसानीला लागतं: दारूपायी शेत गेलं.

दर्यापूर
तो मी मुद्दाम घातला. माझेही दोन दिवस गेलेच ना. कापूस वेचायचा राहिला, बायको अजून बोलून दाखवते.

अमरावती
निघताना बाई काय म्हणाल्या?

दर्यापूर
त्या आपल्या ‘येते’ म्हणाल्या. मोठे बाबा म्हणाले, “वयख ठेवजा.” त्यांना ते कळलं नाही. मी ‘ओळख ठेवा’ असं सांगितलं, तर वडीलही प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘वयख’ असंच लिहायचे म्हणाल्या. त्यांना इतकी वर्षं ते कुणाचं तरी नाव वाटत होतं.