अनुभव धागा: तुमचं घराणं विदर्भात कायले आलं?

आमच्या गावात 'मूळचे' म्हणवणारे अर्धेअधिक कुठून ना कुठून आलेलेच निघतात, म्हणून हा धागा. तिकडून कशानं उठवलं आणि इकडं कशानं ओढलं, दोन्ही लिहा. नुसतं "पोटासाठी आलो" नको, पोट सगळ्यायलेच असते.

खामगाववाला
आम्ही मारवाडातले. 1899 चा छप्पनिया दुष्काळ, पणजोबाची गुरं चाऱ्यावाचून मेली. पण राजेहो, दुष्काळ तर तवा वऱ्हाडातही होता! मग इकडंच का? तर 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरवाल्यायले वऱ्हाड दिसलं, मग रेल्वे, खामगावले फाटा, जिनिंगा, आणि आमच्यातले काही लोक आधीच येऊन अडत टाकून बसले होते, पणजोबाचा मामा त्यांच्याकडं मुनीम. खरं ओढलं ते मामानं. घरात मात्र दुष्काळच सांगतात, मामाचं नाव कोणी काढत नाही, सावकारीचं तर नाहीच नाही.

दिग्रसकडचा तांडा
वरच्या भाऊले रेल्वेनं आणलं, आमाले त्याच रेल्वेनं बसवलं. बैलाच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलूखभर फिरायचं, ही आमची लदेणी. 1867 ले गाडी नागपूरले पोचली, मग बैलावर माल कोण देते? रानाच्या कडेनं पडीक जमीन होती, तांडा तिथंच थांबला. आता दिवाळी झाली का त्याच तांड्यातली काही घरं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीले जातात.

पवनीकर, सध्या नागपूर
आजा कोष्टी. मिलच्या स्वस्त कापडापुढं हातमाग टिकला नाही, म्हणून गेला कुठं, तर मिलमध्येच. नागपुरात एम्प्रेस मिल 1877 पासूनची, गाववाले आधीच तिथं होते, खोली त्यांनीच पाहून दिली.

चामोर्शी तालुका
आमच्यात ओढलं-बिढलं काही नाही. 1964 च्या दंग्यात बाबा पूर्व पाकिस्तानातून निघाले, रायपूरजवळ माना कॅम्पात राहिले, मग सरकारनं इकडं जंगलात पाठवलं, तेव्हा हा आताचा गडचिरोली भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. जमीन दिली, पण झाडं तोडून शेत आम्हीच केलं, बोडीत, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यात, मासे सोडले. मी मराठी शाळेत शिकलो, धान इथलाच खातो. आता पोराच्या दाखल्यासाठी चकरा चालू आहेत, कारण आम्ही नमशूद्र, बंगालात एससीत मोडतो आणि महाराष्ट्रात नाही.